एसटीएममध्ये १२ अँगस्ट्रॉमची नक्षी येते-जाते: टिपला हात लावण्याआधी काय तपासायचं

एसटीएम म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप: अणकुचीदार टिप पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवून, मधल्या फटीतून झिरपणाऱ्या (टनेलिंगच्या) करंटवरून अणूंचं चित्र काढणारं यंत्र. त्यावरच्या तक्रारीचं रूप जवळपास ठरलेलं असतं. १टी-टॅन्टलम डायसल्फाइडचा ताजा सोललेला स्फटिक, प्लॅटिनम-इरिडियमची टिप, खोलीचं तापमान. सकाळी १२ अँगस्ट्रॉम (१.२ नॅनोमीटर) अंतरावरच्या टपोऱ्या ठिपक्यांची त्रिकोणी जाळी स्वच्छ दिसते. दुपारी त्याच जागी नुसते तिरपे पट्टे. मग टिपला पल्स (व्होल्टेजचा क्षणिक झटका), पुन्हा पल्स, मग नवी टिप, शेवटी नवा तुकडा. संध्याकाळी नक्षी परत येते आणि नेमकं कशामुळे आली हे कुणालाच सांगता येत नाही. चार दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून.

नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात ठाणे-बेलापूर रस्ता आणि ट्रान्स हार्बर लाइन एकमेकांना चिकटून जातात. त्यामुळे पहिला संशय कंटेनरवर किंवा लोकलवर जातो. जाऊ दे, पण त्यावर विसंबू नका. याच पट्ट्यात गच्चीवरचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, पावसाळी दमट हवा आणि लॅपटॉपचा चार्जर हेही तितकेच उपद्रवी आहेत, आणि प्रत्येकाचा ठसा वेगळा असतो. तो ठसा ओळखेपर्यंत पल्स द्यायचा नाही. पल्स दिला की टिप बदलते, कधी सॅम्पलही बदलतो, आणि पुरावा पुसला जातो.

मुळात नक्षी दिसायला हवी होती का?

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण बराच वेळ इथेच वाया जातो. हवेत, खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या एसटीएमवर चार्ज डेन्सिटी वेव्ह, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या दाटी-विरळीची नियमित नक्षी (वरची १२ अँगस्ट्रॉमची हीच), बघायची तर सोयीचे पदार्थ दोनच: १टी-टॅन्टलम डायसल्फाइड आणि १टी-टॅन्टलम डायसेलेनाइड. २एच-नायोबियम डायसेलेनाइडची ३×३ (अणूंच्या अंतराच्या तिप्पट) नक्षी सुमारे ३३ केल्विनच्या खाली उमटते. १टी-टायटॅनियम डायसेलेनाइडची २×२ नक्षी सुमारे २०० केल्विनच्या खाली. हे दोन्ही टेबलावरच्या यंत्रात लावून 'फक्त अणू दिसतात, नक्षी नाही' असं होत असेल तर यंत्र ठणठणीत आहे.

डायसल्फाइडमध्येही खोलीच्या तापमानाला पूर्ण जुळलेली, म्हणजे अणूंच्या जाळीवर सगळीकडे नेमकी बसलेली, नक्षी नसते. १३ टॅन्टलम अणूंचे चांदणीच्या आकाराचे पुंजके छोट्या बेटांमध्ये नीट बसलेले असतात आणि बेटांच्या सीमांवर ते विस्कटतात. म्हणून २० नॅनोमीटरच्या चित्रात साधारण दर ७ नॅनोमीटरला ठिपके ठळक-फिके होत जातात. ते टिपचं दुखणं नाही, ती फेजच (पदार्थाची अवस्थाच) तशी आहे. सुमारे ३५० केल्विनच्या वर ही बेटंही जातात. सगळीकडे सारखी, पूर्ण जुळलेली √१३ × √१३ नक्षी खोलीतच हवी असेल तर डायसेलेनाइड घ्या. ते ४७३ केल्विनपर्यंत जुळलेलंच राहतं. यंत्राची तब्येत तपासायला आम्ही तोच नमुना सुचवू.

पट्टे वेगासोबत बदलतात का?

टिप पृष्ठभागावर ठराविक वेगाने सरकते. करंटमध्ये ५० हर्ट्झचा खरखराट मिसळला असेल, तर चित्रात त्याची तरंगलांबी वेग भागिले ५० एवढी दिसते. आता हे आकडे बघा: स्कॅन २० नॅनोमीटर, एका बाजूला जायला ०.३४ सेकंद. वेग सेकंदाला सुमारे ५९ नॅनोमीटर. भागिले ५०, म्हणजे ११.८ अँगस्ट्रॉम. शोधत असलेली नक्षी १२.१ अँगस्ट्रॉमची! शिवाय जाऊन-येऊन ०.६८ सेकंद लागतात, म्हणजे विजेची बरोबर ३४ आवर्तनं. त्यामुळे प्रत्येक ओळ त्याच टप्प्यावर सुरू होते आणि पट्टे शहाण्यासारखे उभे राहतात. ग्रिडची फ्रीक्वेन्सी नेमकी ५० वर खिळलेली नसते, ती ०.०५ हर्ट्झने जरी सरकली तरी साधारण ३० ओळींत पट्टे एका पूर्ण अंतराने घसरतात. म्हणूनच सकाळी उभे असलेले पट्टे दुपारी तिरपे दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की स्फटिकच फिरला.

तपासणी सोपी आहे, आणि ती ह्याच क्रमाने करा.

१. जागा, बायस (टिप आणि सॅम्पलमधलं व्होल्टेज), करंट काहीही न बदलता वेग दुप्पट करा. अंतर दुप्पट झालं तर तो खरखराट. १२ अँगस्ट्रॉमवरच राहिलं तर पुढे जा.

२. स्कॅनची दिशा ३० अंश फिरवा. खरी नक्षी चित्रात ३० अंशांनी फिरते. खरखराटाचे पट्टे जलद स्कॅनच्या अक्षाला धरून राहतात, त्यांना स्फटिकाशी देणंघेणं नसतं.

३. एफएफटी (चित्रातली नियमित अंतरं ठिपक्यांत दाखवणारा गणिती आलेख) काढा. खऱ्या त्रिकोणी जाळीचे सहा ठिपके येतात. एकाच जोडीचे दोन ठिपके आले तर अजून खात्री धरू नका, पुढे टिपच्या भागात त्याचं बघू.

फीडबॅकचा (करंट स्थिर ठेवायला टिप वर-खाली करणाऱ्या सर्किटचा) गेन, म्हणजे जोर, फार चढवला तरी बारीक झालर येते आणि तीही वेगासोबत ताणते. गेन निम्मा केल्यावर झालर गेली तर तिथेच थांबा, बाकी काही शोधू नका.

टिप मागे घेऊन दहा सेकंद

खरखराट आहे हे ठरलं की तो विजेचा की धक्क्याचा हे ठरवायचं. बरेच जण इथे अंदाजाने यंत्राखाली स्पंज सरकवतात. त्याऐवजी करंटची दोन रेकॉर्डिंग घ्या, प्रत्येकी किमान १० सेकंद, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये (फ्रीक्वेन्सीवार आलेखात) ०.१ हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो. पहिलं: स्कॅन बंद, टिप टनेलिंगमध्ये, फीडबॅक इतका मंद की फक्त ड्रिफ्ट (टिपचं आपोआप हळूहळू सरकणं) सांभाळेल. दुसरं: टिप एक-दोन मायक्रॉन मागे घेऊन, बायस तोच.

एखादी रेषा दोन्हीत सारखीच असेल तर ती वायरिंगमधून येते आहे. फक्त टनेलिंगमध्ये असेल तर टिप आणि सॅम्पलमधलं अंतर खरोखर हलतं आहे.

दहा सेकंदांचा हट्ट उगाच नाही. दोन पोलची इंडक्शन मोटर लोडवर मिनिटाला २८८० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे ४८ हर्ट्झ. इमारतीचा पाण्याचा पंप बहुधा याच जातीचा. छोट्या रेकॉर्डिंगमध्ये ४८ आणि ५० एकमेकांत मिसळून एकच जाड रेषा दिसते, माणूस अर्थिंग शोधत बसतो आणि वर गच्चीवर पंप चालू असतो. चार पोलची मोटर १४४० च्या आसपास, म्हणजे २४ हर्ट्झ. तीन पात्यांचा छताचा पंखा मिनिटाला ३०० ते ३५० फेऱ्यांवर १५ ते १८ हर्ट्झची रेषा देतो. रेषेचा आकडा हातात आला की गुन्हेगार सापडायला फार वेळ लागत नाही: एकेक स्विच बंद करत जा.

विजेचा खरखराट असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. चार्जर काढल्यावर रेषा निम्म्याहून कमी झाली, तर प्रश्न ग्राउंड लूपचा आहे: कंट्रोलर, कॉम्प्युटर आणि प्री-ॲम्प्लिफायर (टिपचा सूक्ष्म करंट वाढवणारं सर्किट) तीन वेगळ्या सॉकेटमधून अर्थ घेत आहेत. सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा आणि यंत्राच्या धातूच्या पायाला एकाच जागी अर्थ द्या, दोन जागी नाही. ट्रान्स हार्बरच्या ओव्हरहेड तारांमध्येही २५ किलोव्होल्टची ५० हर्ट्झचीच वीज असते, त्यामुळे रुळांना लागून खोली असेल तर गाडी जाताना रेषा क्षणभर वाढू शकते. टिप ते प्री-ॲम्प्लिफायर वायर जितकी आखूड तितकं बरं. ती लांब आणि सैल लोंबत असेल तर शिल्डिंग कितीही चांगलं असलं तरी वायर हलली की करंट हलतो.

धक्क्याचा असेल तर लटकतं सस्पेन्शन हाच स्वस्त आणि चांगला उपाय. बंजी कॉर्डवर २० ते ३० किलोची कडप्प्याची लादी टांगा. वजनाने कॉर्ड २५ सेंटिमीटर ताणली गेली तर झोक्याची फ्रीक्वेन्सी सुमारे १ हर्ट्झ. ५० सेंटिमीटर ताणली तर ०.७. त्याच्या दहापट वरच्या, म्हणजे पंख्याच्या आणि मोटरच्या, रेषा बऱ्यापैकी गळून जातात. लादीखाली फुगवलेली सायकलची ट्यूब हा जुना जुगाड आहे, पण तो काही हर्ट्झच्या वरच काम करतो; रस्त्यावरून जड गाडी जाताना जमीन डुलते ते त्याच्या आवाक्याबाहेरचं. एवढं करून यंत्राची जाड, ताठ केबल सरळ टेबलावर टेकवली तर सगळी मेहनत पाण्यात. धक्का केबलमधून चढतो. केबल आधी लादीवर क्लॅम्प करा, मग सैल वळसा देऊन खाली सोडा. बंजीचं रबर इथल्या उकाड्यात आणि ओलसरपणात कडक होतं. ताण कमी झालेला दिसला की बदला.

कंटेनर आणि लोकल यांचा नंबर इथे लागतो. लादी टांगूनही अचानक उड्या येत असतील आणि शेवटची लोकल गेल्यावर, मध्यरात्रीनंतर, त्या थांबत असतील, तर दोष बाहेरचा. मग लांब स्कॅन रात्रीच घ्या.

पावसाळ्यातलं वेगळं दुखणं: टिप पोचलीच नाही

जून ते सप्टेंबर या काळात एक बनवाबनवी होते. ॲप्रोच (टिप पृष्ठभागाजवळ नेणं) नेहमीपेक्षा लवकर संपतो, करंट सेटपॉइंटवर (ठरवून दिलेल्या आकड्यावर) ठाम बसतो, आणि चित्रात मात्र काहीच नसतं. खाडीकडची खारट दमट हवा टिप-होल्डरच्या इन्सुलेटरवर पातळ ओलसर थर चढवते आणि करंट टिपऐवजी तिथून वाहतो. फीडबॅकला वाटतं, आलो.

मोजून बघा. टिप पूर्ण मागे, बायस १ व्होल्ट. २०० पिकोअँपिअर आले तर गळतीचा मार्ग ५ गिगाओहमचा आहे. म्हणजे ०.२ व्होल्टवर ४० पिकोअँपिअर नुसती गळती. सेटपॉइंट १०० ठेवला असेल तर त्यातले ६० च खरे. बायस शून्य करूनही आकडा तसाच राहिला तर मात्र ती गळती नव्हे, प्री-ॲम्प्लिफायरचा ऑफसेट आहे, तो वेगळा जुळवा. गळती चांगल्या स्थितीत १ व्होल्टला काही पिकोअँपिअरच्या आत असावी.

उपाय: होल्डर आणि त्याच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, अर्धा तास ६० अंशांवर सुकवा, हातमोज्याशिवाय पुन्हा शिवू नका. यंत्रावरच्या झाकणात निळी सिलिका जेल ठेवा, ती गुलाबी झाली की बदला. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांखाली आणायला डीह्युमिडिफायर चालवा, पण स्कॅनच्या वेळी तो बंद. त्याच्यातही कॉम्प्रेसरच असतो.

टिप खरंच टनेलिंगमध्ये आहे का, याची शेवटची खात्री अशी: फीडबॅक थांबवून टिप हळूहळू मागे घ्या. निर्वातात दर अँगस्ट्रॉमला करंट साधारण दहापट पडतो. हवेत तो बराच सावकाश पडतो, तरी एक-दोन नॅनोमीटरमध्ये शून्याला यायलाच हवा. दहा नॅनोमीटर मागे घेऊनही ढिम्म हलत नसेल तर समोर पृष्ठभाग नाहीच.

आता टिप

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं असेल तरच टिपवर या. टिप सॅम्पलवर नाही, ग्रॅफाइटवर तपासायची. ताज्या सोललेल्या ग्रॅफाइटवर ५० मिलिव्होल्ट, १ नॅनोअँपिअर. ठिपक्यांमधलं अंतर २.४६ अँगस्ट्रॉम यायला हवं, पायरीची उंची ३.३५. डायसल्फाइडवर पायरी ५.९ अँगस्ट्रॉमची. पायरीची कड दोनदा, समांतर दिसली तर टिपला दोन टोकं आहेत.

दोन टोकांची टिप नक्षीचं काय करते हे समजून घेण्यासारखं आहे, कारण 'पट्टेदार फेज सापडली' अशा आनंदवार्तांचा उगम पुष्कळदा इथे असतो. त्रिकोणी नक्षी म्हणजे तीन दिशांच्या तीन लहरी. दोन टोकांमधलं अंतर एखाद्या लहरीच्या दिशेने अर्ध्या तरंगलांबीइतकं पडलं, तर एका टोकाला त्या लहरीचा उंचवटा आणि दुसऱ्याला खोलगा मिळतो. ती लहर चित्रातून पुसली जाते. सहापैकी दोन ठिपके गेले. कधी चारही जातात आणि उरतात सरळ पट्टे. ताणामुळे एकाच दिशेची लहर उरणं हे नायोबियम डायसेलेनाइडमध्ये खरोखर पाहिलं गेलं आहे, म्हणून पट्टे थेट खोटेही ठरवता येत नाहीत. नियम असा ठेवा: दोन वेगळ्या टिपांनी, तीन वेगळ्या जागी तेच पट्टे आले तरच ते सॅम्पलचे.

टिप बदलायची तर ०.२५ मिलिमीटरची प्लॅटिनम-इरिडियम तार ४५ अंशांत धरून, ओढत-ओढत कापा. नुसती कचकन कापली तर टोक चपटं होतं. टंगस्टन हवेत ऑक्साइड धरतं, टेबलावरच्या यंत्रासाठी तो नाद सोडा. पल्स द्यायचाच तर सोन्यावर किंवा ग्रॅफाइटवर, ३ ते ५ व्होल्ट, काही मिलिसेकंद, आणि एक पल्स दिल्यावर चित्र बघून मग दुसरा.

ग्रॅफाइटवर चिकटवलेले पातळ पापुद्रे बघताना आणखी एक फसगत. टिप पापुद्र्यावरून घसरून उघड्या ग्रॅफाइटवर गेली आणि तिथला वरचा थर सुमारे ११.७ अंशांनी फिरलेला असेल, तर मोआरेची (दोन जाळ्या एकमेकींवर तिरप्या पडल्याने दिसणारी) नक्षीही बरोबर १२.१ अँगस्ट्रॉमची येते. सूत्र साधं आहे: जाळीचं अंतर भागिले, अर्ध्या कोनाच्या साइनची दुप्पट. फरक ओळखायला अणूंची जाळी बघा: २.४६ म्हणजे ग्रॅफाइट, ३.३६ म्हणजे डायसल्फाइड.

मोजताना होणाऱ्या दोन चुका

एफएफटीतल्या ठिपक्याचं अंतर उलटं केलं की मिळतं ते ओळींमधलं अंतर, ठिपक्यांमधलं नाही. त्रिकोणी जाळीत ओळींचं अंतर ०.८६६ पट असतं. १२.१ ची नक्षी म्हणून १०.५ वाचली जाते आणि मग कॅलिब्रेशन 'दुरुस्त' करून खरंखुरं बिघडवलं जातं. ग्रॅफाइटवर हाच आकडा २.१३ येतो.

दुसरी ड्रिफ्टची. वरच्या आकड्यांनी २५६ ओळींचं चित्र पूर्ण व्हायला जवळपास तीन मिनिटं लागतात. एसी चालू-बंद होऊन मिनिटाला १ नॅनोमीटर ड्रिफ्ट असेल तर २० पैकी ३ नॅनोमीटर गेले, आणि मंद अक्षावर १२.१ चे १०.५ किंवा १४.२ होतात, टिप वर जाते की खाली त्यावर. म्हणून नेहमी वर जाणारं आणि खाली येणारं अशी दोन चित्रं घ्या. त्याहून बरं, मोजपट्टी बाहेरून आणूच नका: एकाच चित्रात अणू आणि नक्षी दोन्ही पकडा. आधी १०० ते ३०० मिलिव्होल्ट, ०.५ नॅनोअँपिअर, नक्षी बसली की बायस २० च्या आसपास उतरवा, अणू वर येतात. पूर्ण जुळलेल्या फेजमध्ये दोन्हींचं गुणोत्तर ३.६ आणि दोन जाळ्यांमधला कोन १३.९ अंश. खोलीतल्या डायसल्फाइडमध्ये सरासरी कोन १२ च्या आसपास येतो. गुणोत्तर आणि कोन ड्रिफ्टला सहजासहजी फसत नाहीत.

थंड करून बघणाऱ्यांसाठी

डायसल्फाइड थंड करताना सुमारे १८० केल्विनला पूर्ण जुळतं, पण गरम करताना ती फेज २२३ केल्विनपर्यंत टिकते. त्यामुळे २०० केल्विनला काय दिसेल हे तुम्ही कुठून आलात त्यावर ठरतं. गरम करताना २२३ ते २८३ च्या दरम्यान बेटं लांबट, पट्ट्यांसारखी होतात, आणि हे पट्टे अस्सल असतात. लॉगमध्ये नुसतं तापमान लिहून भागत नाही, चढतं की उतरतं हेही लिहा.

काही दहा नॅनोमीटरपेक्षा पातळ पापुद्रा झपाट्याने थंड केला तर तो ७७ केल्विनलाही खोलीतल्याच फेजमध्ये गोठून राहू शकतो. कूलिंग मंद करा, २५० ते १५० केल्विनच्या टप्प्यात तर विशेष. पातळ पापुद्रे हवेत लवकर खराब होतात, म्हणून ते नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्येच सोलायचे. आणि सिलिकॉन ऑक्साइडवर सुटा पापुद्रा ठेवून ॲप्रोच करू नका; टिप बाजूला उतरली की खाली इन्सुलेटर, करंट येत नाही म्हणून ती खाली खाली जाते आणि टोक मोडतं. खाली सोनं किंवा ग्रॅफाइट हवं.

थंड डायसल्फाइडची जुळलेली फेज विजेला अडवणारी आहे. तिच्या ऊर्जेच्या दरीत, म्हणजे काही दहा मिलिव्होल्टच्या बायसवर, स्कॅन केला तर करंट पुरवायला टिप पृष्ठभागात घुसते. अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहा. इथे सॅम्पलवर पल्स तर अजिबात नको: एका पल्सने नक्षी तुकड्या-तुकड्यांची, धातूसारखी होऊ शकते. २०१६ मध्ये हेच मुद्दाम करून नवी फेज म्हणून प्रसिद्ध झालं आहे. तुमच्याकडे ते नकळत झालं, तर टिप साफ करताना झालेलं नुकसान शोध म्हणून लिहिलं जाईल. सॅम्पल २८३ केल्विनच्या वर नेऊन पुन्हा सावकाश थंड केला की हे पुसलं जातं.

द्रव नायट्रोजनवर चालणाऱ्या क्रायोस्टॅटमध्ये (सॅम्पल थंड ठेवणाऱ्या भांड्यात) काही केल्या न जाणारा, ठराविक आकडा नसलेला खरखराट राहिला तर तो बहुधा उकळीच्या बुडबुड्यांचा. नायट्रोजनवर पंप लावून तो ६३ केल्विनला गोठवा, बुडबुडे थांबतात. पंप मात्र लांब, वेगळ्या खोलीत, आणि त्याची नळी वाळूच्या पेटीतून काढलेली असू द्या.